हिवाळी वादळे आणि त्यांच्या पूर्वसूचना

वादळाची पूर्वसूचना म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर वरवर पाहता अगदी सोपे वाटते. वादळ येणार असे आगाऊ कळणे आणि ते लोकांना सांगणे, एवढेच ते उत्तर. तथापि गेल्या दीडशे वर्षांतील अनुभव पाहता, ‘कळणे’ आणि ‘सांगणे’ ह्यांच्या दरम्यान, तसेच ‘सांगणे’ आणि ‘वाचणे’ ह्यांच्या दरम्यान किती मोठे अंतर असते, हे ध्यानात येते. उत्तर अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील देशांना हे अंतर हिवाळी वादळांनी शिकविले, आणि त्यासाठी त्यांना जबर किंमत मोजावी लागली. प्रस्तुत लेखात प्रथम ह्या वादळांचे स्वरूप थोडक्यात सांगून, नंतर त्यांच्या पूर्वसूचनेची पद्धती कशी उत्क्रांत होत गेली ह्याचा विचार करावयाचा आहे.

वादळाचे स्वरूप

आपल्याकडील वाचकाला चक्रीवादळ म्हटले की बंगालच्या उपसागरातील वा अरबी समुद्रातील वादळ आठवते. त्या वादळाला लागणारी शक्ती उबदार समुद्रावरील बाष्पातून मिळते. समशीतोष्ण कटिबंधातील हिवाळी वादळाची गोष्ट निराळी आहे. ध्रुवाकडून येणारी थंड, कोरडी हवा आणि दक्षिणेकडून येणारी उबदार, दमट हवा जेथे एकमेकींस भिडतात, तेथे त्यांच्या तापमानांतील तफावत हेच ह्या वादळाचे इंधन होय. ही तफावत हिवाळ्यात सर्वांत अधिक असते, म्हणून ही वादळेही हिवाळ्यातच सर्वांत उग्र होतात. ह्या दोन हवांमधील सीमापृष्ठावर एखादी लाट उमटते, तिच्या शिरोभागी वायुभार उतरू लागतो, आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे एक विस्तीर्ण आवर्त तयार होते. नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांचे पुत्र याकोब ब्यर्कनेस ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही उपपत्ती मांडली, व आजही हवामानाच्या नकाशावर काढल्या जाणाऱ्या सीमापृष्ठांच्या रेषा तिचीच आठवण करून देतात.

अशा आवर्ताचा व्यास हजार ते तीन हजार किलोमीटरपर्यंत असू शकतो. मध्यभागीचा वायुभार चोवीस तासांत चोवीस मिलिबार वा त्याहून अधिक उतरला, तर वादळ स्फोटक वेगाने वाढत आहे असे समजतात. समदाब रेषा जितक्या जवळजवळ येतील तितका वारा प्रखर, हा साधा नियम येथेही लागू आहे.

एकाच वादळातून वारा, हिम आणि पूर अशी तीन संकटे का उद्भवतात, हेही ह्यावरून समजते. आवर्ताच्या उबदार अंगास पाऊस पडतो, तर थंड अंगास, म्हणजे बहुधा वायव्य भागात, हिमवर्षाव होतो. ह्या दोहोंमधील पट्टा फारच अरुंद असतो. हवेच्या खालच्या थरांचे तापमान गोठणबिंदूच्या अंशभर वर आहे की अंशभर खाली, ह्यावर एखाद्या शहरात नुसता पाऊस पडणार की गुडघाभर हिम साचणार हे ठरते. पावसाचे एक सेंटिमीटर पाणी हिमरूपाने पडले तर सर्वसाधारणपणे दहा सेंटिमीटरांचा थर होतो. वादळाचा मार्ग पन्नास किलोमीटर इकडे वा तिकडे सरकला की सारे भाकीत पालटते ते ह्याच कारणाने.

पुराची कारणे तीन असतात : एक अतिवृष्टी, दुसरे साचलेल्या हिमावर उबदार पाऊस पडून ते झपाट्याने वितळणे, आणि तिसरे समुद्राचा फुगवटा. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे मोठे हिमवादळ झाले होते. नंतर दहाबारा दिवसांतच हवा एकाएकी उबदार होऊन पाऊस आला, आणि सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यात महापूर लोटला. एका वादळाचे हिम हे पुढच्या पुराचे भांडवल ठरते ते असे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. वायुभार एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने चढते. पण ह्याने होणारी वाढ अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते. खरा उत्पात करतो तो वारा. उथळ समुद्रावरून तासन्‌तास एकाच दिशेने वाहणारा प्रखर वारा पाणी पुढे रेटीत नेतो, आणि पुढे वाट अरुंद असेल तर ते पाणी वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तर समुद्राची घडण नेमकी अशीच आहे. उत्तरेस तो रुंद व खोल, तर दक्षिणेस अरुंद व उथळ आहे. त्यातच हा फुगवटा उधाणाच्या भरतीवर स्वार झाला तर काय होते, हे कोकणच्या किनाऱ्यावर उधाण आणि भांग ह्यांतील फरक पाहिलेल्या माणसास वेगळे सांगावयास नको.

पूर्वसूचनेचा आरंभ

२५ आणि २६ ऑक्टोबर १८५९ ह्या दोन दिवशी वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात सापडून फुटले. मेलबर्नहून लिव्हरपूलला परतणाऱ्या ह्या जहाजावर ऑस्ट्रेलियातील सोने घेऊन घरी निघालेले उतारू होते. त्यांपैकी सुमारे साडेचारशे माणसे किनारा दृष्टिपथात असताना बुडाली. ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्यातील हवामान विभागाचे प्रमुख त्या वेळी रॉबर्ट फिट्झरॉय हे होते. चार्ल्स डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान म्हणून ते सर्वश्रुत आहेत. हे वादळ किनाऱ्यावरून पुढे सरकत होते, आणि तारायंत्राचा निरोप वादळाहून कितीतरी वेगाने धावतो. मग एका बंदराला बसलेला तडाखा पुढील बंदरास आगाऊ का कळविता येऊ नये, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता.

१८६१ च्या फेब्रुवारीत ही व्यवस्था प्रत्यक्षात आली. निरनिराळ्या ठाण्यांहून निरीक्षणे तारेने लंडनला येत, आणि धोका दिसल्यास बंदरांना तार जाई. बंदरात उंच खांबावर शंकूच्या व पिंपाच्या आकाराची चिन्हे चढविली जात. शंकूचे टोक वर असेल तर उत्तरेकडील वादळी वारा, खाली असेल तर दक्षिणेकडील. आणि पिंप सोबत असेल तर धोका अधिक. अक्षरशत्रू नावाड्यासही दुरून वाचता यावी अशी ती लिपी होती. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात सार्वजनिक हवामानवृत्त छापले जाऊ लागले. ज्योतिष्याच्या भविष्यापासून आपले काम वेगळे दिसावे म्हणून फिट्झरॉय ह्यांनी त्यास पूर्वानुमानाचा अर्थ देणारा शब्द हेतुतः योजिला. आपल्या न्यायशास्त्रातील परिभाषेत बोलावयाचे तर धूर पाहून अग्नी जाणण्यासारखे ते अनुमान होते, आकाशवाणी नव्हे.

परंतु अनुमान म्हटले की चूक आलीच. भाकिते चुकली की उपहास होई, आणि शास्त्रज्ञांतही ह्या पद्धतीला पुरेसा आधार नाही असे म्हणणारे होतेच. १८६५ च्या एप्रिलमध्ये फिट्झरॉय ह्यांनी आत्महत्या केली. पुढे तज्ज्ञांच्या समितीने प्रतिकूल अभिप्राय दिल्यावर १८६६ च्या अखेरीस वादळाच्या सूचनाही बंद करण्यात आल्या. तथापि ज्यांचे प्राण समुद्रावर अवलंबून होते त्या लोकांनी सूचना पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला, आणि १८६७ मध्ये त्या पूर्ववत चालू झाल्या. शास्त्रदृष्ट्या अपूर्ण असलेली सूचनाही सूचनेच्या अभावापेक्षा बरी, हा कौल विद्वत्सभेने नव्हे तर खलाशांनी दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा काळ आपल्याही इतिहासाशी निगडित आहे. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्यास झालेल्या भीषण चक्रीवादळानंतर तेथील बंदरासाठी धोक्याच्या सूचनांची व्यवस्था करण्यात आली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. आपल्या बंदरांवर चढणारे धोक्याचे बावटे ह्याच परंपरेतील होत.

१९५३ : निरोप पोहोचला नाही

३० जानेवारी १९५३ रोजी आइसलँडच्या दक्षिणेस एक आवर्त वेगाने खोल होत होते. स्कॉटलंडच्या उत्तरेस वळसा घालून ते शनिवार, ३१ जानेवारीस उत्तर समुद्रात उतरले. ऑर्कनी बेटांवर वाऱ्याचे झोत ताशी दोनशे किलोमीटरपर्यंत गेले. स्कॉटलंडमधील अरण्येच्या अरण्ये भुईसपाट झाली. त्याच दिवशी स्ट्रॅनरार येथून लार्नला निघालेली ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ ही प्रवासी बोट पाठीमागचे दरवाजे लाटांनी फोडल्याने बुडाली व १३३ माणसे प्राणास मुकली. तिच्यावरील बिनतारी संदेशाधिकारी डेव्हिड ब्रॉडफुट हे अखेरपर्यंत आपल्या यंत्रापाशी बसून मदतीचे संदेश पाठवीत राहिले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

दिवस पौर्णिमेनंतरचे होते, म्हणजे उधाणाची भरती होती. समुद्राचा फुगवटा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकू लागला. सायंकाळी सातच्या सुमारास लिंकनशरच्या किनाऱ्यावरील बांध फुटले. त्यानंतर नॉरफोक, मग सफोक, मग एसेक्स अशा क्रमाने पाणी खाली येत गेले. मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमारास, ते टेम्स नदीच्या मुखाजवळील कॅन्व्ही बेटात शिरले. तेथे लोक अंथरुणात झोपलेले होते. एकट्या त्या बेटावर सुमारे ५८ माणसे दगावली. इंग्लंडच्या भूमीवर एकंदर ३०७ माणसे मृत्युमुखी पडली.

लिंकनशर ते कॅन्व्ही हे अंतर पाण्याला कापावयास सहा तास लागले. ह्या सहा तासांत एक निरोप पुढे जावयास हवा होता, आणि तो गेला नाही. तारा तुटल्या होत्या, शनिवारची रात्र होती. पण मूळ कारण निराळे होते. किनाऱ्यावरच्या लोकांना पुराची सूचना देण्याचे काम निश्चितपणे कोणाकडेही सोपविलेले नव्हते. जो तो आपल्या हद्दीतील लोकांना वाचविण्यात गुंतला होता, आणि पुढच्या हद्दीस कळविणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते. फिट्झरॉय ह्यांनी ब्याण्णव वर्षांपूर्वी जहाजांसाठी जो युक्तिवाद केला होता, तो घरांसाठी कोणी केला नव्हता.

हॉलंडमध्ये दुःख ह्याहून मोठे होते. तेथील हवामान संस्थेने शनिवारी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास रॉटरडॅम, विलेमस्टॅड आणि बर्गेन ऑप झूम ह्या ठिकाणांसाठी पाणी धोकादायक पातळीपर्यंत चढेल असा इशारा टेलेक्सने पाठविला. हा अंदाज बरोबर होता. परंतु ही सूचना मिळण्याची तजवीज मोजक्याच पाणी-मंडळांनी करून ठेवली होती, आणि नभोवाणी मध्यरात्री नित्याप्रमाणे बंद झाली. पहाटे तीननंतर झीलंड व दक्षिण हॉलंडमधील बांध एकामागून एक फुटले. १,८३६ माणसे मृत्यू पावली, आणि सुमारे ७२,००० लोकांना घरे सोडावी लागली.

येथे आणखी एका पूर्वसूचनेचा उल्लेख केला पाहिजे. जलव्यवस्थापन खात्यातील अभियंता योहान व्हान व्हेन हे महायुद्धापूर्वीपासून सांगत आले होते की, देशाच्या नैर्ऋत्येकडील बांध पुरेसे उंच नाहीत. वादळाची सूचना काही तासांची असते, ही सूचना कित्येक वर्षांची होती. युद्ध, पुनर्रचना आणि खर्च ह्यांच्या गर्दीत ती मागे पडली. आपत्ती येऊन गेल्यावर मात्र त्याच विचारांच्या पायावर ‘डेल्टा’ योजना उभी राहिली. तिच्यातील पूर्व स्खेल्डे नदीमुखावरील महाद्वार १९८६ मध्ये व रॉटरडॅमजवळील महाद्वार १९९७ मध्ये कार्यान्वित झाले. इंग्लंडमध्येही वादळी भरतीची सूचना देणारी स्वतंत्र व्यवस्था स्थापन झाली, आणि पुढे टेम्सवर उघडझाप करणारे द्वार बांधण्यात येऊन ते १९८४ मध्ये रीतसर खुले झाले. अशी द्वारे नेहमी उघडीच असतात. ती केव्हा मिटावयाची हे पूर्वसूचनेवर ठरते. म्हणजे कोट्यवधींचे पोलाद देखील अखेर हवामानशास्त्रज्ञाच्या एका आकड्यावर विसंबून असते.

१९६२ : निरोप पोहोचला, अर्थ पोहोचला नाही

१६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर असेच वादळ आले. वादळाचा व चढत्या पाण्याचा इशारा देण्यात आला होता. पण हँबुर्ग शहर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, एल्ब नदीवर वसलेले आहे. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यासाठी दिलेला इशारा हा किनाऱ्यावरील लोकांचा प्रश्न, असे हँबुर्गकरांस वाटले. मध्यरात्रीनंतर नदीचे बांध फुटले, आणि विल्हेल्म्सबुर्ग भागात युद्धानंतर तात्पुरत्या घरांतून राहणाऱ्या गोरगरिबांवर पाणी आले. शहरात ३१५ माणसे दगावली. त्या वेळी शहराचे पोलीस खाते सांभाळणारे हेल्मूट श्मिट हे पुढे जर्मनीचे चॅन्सेलर झाले. त्यांनी लष्कराच्या साह्याने बचावकार्य केले. पाणी त्या रात्री समुद्रसपाटीवर ५.७० मीटर चढले होते. १९७६ च्या जानेवारीत ते ६.४५ मीटरपर्यंत गेले. पण मधल्या काळात बांध उंच केले होते, आणि इशाऱ्याचा अर्थ लोकांना कळून चुकला होता. १९६२ ची पुनरावृत्ती झाली नाही.

१९९३ : एकच वादळ, दोन निकाल

मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागावरून गेलेले वादळ हे ह्या विषयाच्या अभ्यासकास फार उद्‌बोधक आहे. १२ ते १४ मार्च ह्या तीन दिवसांत त्याने मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडापर्यंतचा प्रदेश व्यापला. मध्यभागीचा वायुभार सुमारे ९६० मिलिबारपर्यंत उतरला. टेनेसीतील ले काँट पर्वतावर सुमारे १४२ सेंटिमीटर, तर न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे सुमारे १०९ सेंटिमीटर हिम पडले. जेथे हिम क्वचितच दिसते त्या अलाबामातील बर्मिंगहॅमवरही सुमारे ३३ सेंटिमीटरांचा थर साचला. पूर्व किनाऱ्यावरील सर्व मोठे विमानतळ कधी ना कधी बंद ठेवावे लागले.

गणकयंत्रांवर आधारलेल्या पूर्वानुमानाने ह्या वादळाची चाहूल जवळजवळ पाच दिवस आधी दिली होती. हिमाचा पहिला कण पडण्यापूर्वीच काही राज्यांच्या गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली, अशी गोष्ट पूर्वी घडली नव्हती. हा विज्ञानाचा मोठा विजय होता. पण त्याच वादळाने १३ मार्चच्या पहाटे फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र लोटला. टेलर परगण्यात पाणी सुमारे साडेतीन मीटर चढले, आणि झोपेत असलेली माणसे बुडाली. देशभर चर्चा चालली होती ती उत्तरेतील हिमाची. दक्षिणेतील पाण्याची वार्ता लोकांच्या मनावर ठसली नव्हती. चक्रीवादळांच्या ऋतूत सावध राहण्यास शिकलेला तो किनारा मार्च महिन्यात निश्चिंत होता. एकच वादळ, एकच खाते. एका संकटाची सूचना यशस्वी, दुसरीची अयशस्वी.

आजची पद्धती

ह्या अनुभवांतून पूर्वसूचनेची भाषा बदलत गेली. अमेरिकेत हिवाळी वादळासाठी निरनिराळ्या पायऱ्या आहेत. वादळ संभवते पण निश्चिती नाही, तेव्हा ‘सावध राहा’ अशी सूचना दोनतीन दिवस आधी दिली जाते. ते जवळजवळ निश्चित झाले म्हणजे ‘धोक्याचा इशारा’ निघतो. हिमझंझावात हा शब्दही तेथे सैलपणे वापरीत नाहीत. ताशी सुमारे ५६ किलोमीटरांचा वारा आणि उडत्या हिमामुळे सुमारे ४०० मीटरच्या आत आलेली दृश्यमानता, ही स्थिती निदान तीन तास टिकणार असेल तरच तो इशारा द्यावयाचा असतो.

ब्रिटनमध्ये २०११ पासून पिवळा, अंबर व लाल अशा रंगांची पद्धती अमलात आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, रंग केवळ वाऱ्याचा वेग किंवा हिमाची जाडी पाहून ठरत नाही; घटना घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास परिणाम किती, ह्या दोहोंचा मेळ घालून तो ठरतो. ओसाड डोंगरावरील दहा सेंटिमीटर हिम आणि सायंकाळच्या गर्दीच्या वेळी महानगरात पडणारे तेवढेच हिम, ह्यांचे मोल सारखे नाही. आपल्या हवामान खात्याच्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल सूचना मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेतच. त्यांमागील विचार ह्याच जातीचा आहे. २०१५ पासून ब्रिटन व आयर्लंड येथे अशा वादळांना नावेही दिली जातात, कारण नावाचे वादळ लोकांच्या बोलण्यात राहते. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर चढले. परंतु हजारो लोकांना आधीच हलविण्यात आले होते आणि १९५३ सारखी मनुष्यहानी झाली नाही.

तरीही एक अडचण उरतेच. इशारा वारंवार देऊन तो फोल ठरला तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. आणि चुकेल ह्या भीतीने तो न दिला तर माणसे मरतात. ह्यावर गणिताचे पूर्ण उत्तर नाही. शक्यता स्पष्टपणे सांगणे आणि चूक झाल्यास ती उघडपणे मान्य करणे, एवढाच मार्ग उरतो.

उपसंहार

वरील इतिहासावरून असे म्हणावयास हरकत नाही की, पूर्वसूचना ही चार दुव्यांची साखळी आहे : संकट ओळखणे, निरोप पोहोचविणे, त्याचा अर्थ समजणे, आणि त्याप्रमाणे वागणे. पहिला दुवा शास्त्रज्ञाच्या हातात आहे, आणि तो गेल्या शतकात विलक्षण बळकट झाला. बाकीचे तीन समाजाच्या हातात आहेत. १९५३ मध्ये दुसरा दुवा तुटला, १९६२ मध्ये तिसरा. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते.

म्हणून कोणत्याही देशातील पूर्वसूचनेची कसोटी लावताना केवळ भाकितांची अचूकता तपासून भागावयाचे नाही. लिंकनशरला सात वाजता जे कळले ते कॅन्व्हीला एक वाजण्यापूर्वी कळविणे हे कोणाचे काम आहे, हा प्रश्न वादळ नसताना, शांत दिवशी, विचारून ठेविला पाहिजे. आणि त्याच्या उत्तरादाखल एका निश्चित माणसाचे वा कचेरीचे नाव मिळाले पाहिजे.